ऑफसीझनचं प्रोजेक्ट आणि प्रमुखाची वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात दहा वर्षं मेंटेनन्स केलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरकडे येत्या ऑफसीझनचं (गाळप बंद असतानाच्या महिन्यांचं) प्रोजेक्ट आलंय. चौथ्या मिलची जुनी स्टीम टर्बाइन काढून तिथं व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेवर) चालणारी मोटर आणि प्लॅनेटरी गिअरबॉक्स बसवायचाय. नेहमीची दुरुस्ती सोबत आहेच. ते पहाटे पाचला उठतात, डायरी लिहितात, कामांची यादी करतात, व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिरही करून झालंय. तरी सकाळपासून रात्रीपर्यंत फोनवर असतात आणि काम जागचं हलत नाही. आता जानेवारी आहे, हंगाम चालू आहे. या सवयी प्रोजेक्टला कशा लावायच्या, असं ते विचारतात.

शिस्त तुमच्या अंगात आली, साइटवर उतरली नाही, एवढंच झालंय. डायरीत 'गिअरबॉक्सचा पाठपुरावा' असं लिहिलेलं असतं ते फक्त तुम्हाला दिसतं. सिव्हिलच्या ठेकेदाराला, स्टोअरकीपरला, इलेक्ट्रिकलच्या साहेबांना त्यातलं काही कळत नाही. म्हणून प्रत्येक सवयीला एकच कसोटी लावा: तिच्यामुळे दुसऱ्या कुणाचं अडलेलं काम सुटतंय का? सुटत नसेल तर ती चांगली सवय आहे, जरूर ठेवा, पण प्रोजेक्टच्या हिशेबात धरू नका.

सुरुवात वहीपासून करा. दोनशे पानी साधी वही घ्या आणि त्यात कामं लिहू नका, निर्णय लिहा. एका ओळीत पाच गोष्टी: काय ठरवायचंय, कुणी ठरवायचंय, कधीपर्यंत, ते ठरलं नाही तर कुणाचं काम थांबतं, आणि ठरलं त्या दिवसाची तारीख. पहिल्याच बैठकीत तीस-चाळीस ओळी निघतील. त्यातल्या किती ओळींत 'कुणी' या रकान्यात तुमचंच नाव आहे ते मोजा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये हात कमी पडत नाहीत. मिस्त्री पान्हा घेऊन उभा असतो आणि जुना फाउंडेशन पूर्ण फोडायचा की वरचा थर काढून पुढं जायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. काम मिल हाउसमध्ये अडल्यासारखं दिसतं, खरं ते ऑफिसात अडलेलं असतं.

शेवट डोळ्यापुढं ठेवून सुरुवात करा, असं सगळेच सांगतात. इथं त्याचा अर्थ उलटं मोजणं. आणि शेवट म्हणजे उसाची मोळी टाकून हंगाम सुरू करण्याचा कार्यक्रम नव्हे. त्या दिवशी गव्हाणीत मोळी पडते, फोटो निघतात आणि रात्री दोनला गिअरबॉक्सचं तेल तापलं म्हणून मिल थांबते. 'नवीन ड्राइव्हवर मिल पूर्ण भारानं सलग ७२ तास चालली' अशी व्याख्या लिहून कार्यकारी संचालकांची सही घ्या. ही सही नसेल तर ऑक्टोबरात प्रत्येक विभागाचं 'झालं' वेगवेगळं निघतं.

आता तारखा. गाळप १ नोव्हेंबरला धरू. खरी तारीख मंत्री समिती ठरवते आणि ती बहुतेक वेळा पावसाळा सरताना कळते, तोवर गृहीतच धरावी लागते. तिथून मागं या. प्रत्येक ओळीतली तारीख ते काम सुरू करायची आहे.

– पूर्ण प्लँटची ट्रायल आणि राहिलेली किरकोळ कामं, १५ दिवस: १७ ऑक्टोबर
– अलाइनमेंट (शाफ्ट एका रेषेत आणणं), तेलाचं फ्लशिंग, नो-लोड रन (भाराशिवाय चालवून बघणं), १० दिवस: ७ ऑक्टोबर
– ग्राउटिंग (बेसखालची पोकळी पातळ मिश्रणानं भरणं) आणि ते पक्कं होणं, ७ दिवस: ३० सप्टेंबर
– मोटर, गिअरबॉक्स जागेवर बसवणं, ५ दिवस: २५ सप्टेंबर
– काँक्रीट ओतून त्याला ताकद येणं, २८ दिवस: २८ ऑगस्ट
– सळई, शटरिंग, बोल्टचं टेम्प्लेट, १५ दिवस: १३ ऑगस्ट
– जुना फाउंडेशन फोडणं, १० दिवस: ३ ऑगस्ट
– टर्बाइन आणि जुनी गिअरिंग उतरवणं, ७ दिवस: २७ जुलै

दिवस तुमच्या साइटप्रमाणे बदला, पद्धत बदलू नका. ही यादी वाचून 'जुलैअखेर सुरू केलं तरी चालतंय की' असं वाटतं, आणि गोची इथंच आहे. गिअरबॉक्स २५ सप्टेंबरला साइटवर हवा. पुरवठादार ५ महिने म्हणत असेल तर ऑर्डर २५ एप्रिलला गेली पाहिजे. टेंडर, तांत्रिक तुलना, परचेस कमिटी, संचालक मंडळ यांना ४५ दिवस धरले तर टेंडर ११ मार्चला निघायला हवं. यात राखीव दिवस एकही नाही. २० दिवस राखीव ठेवले की टेंडरची तारीख १९ फेब्रुवारी होते आणि मोडतोड ७ जुलैला सुरू करावी लागते. म्हणजे या प्रोजेक्टचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय भर हंगामात घ्यायचाय, जेव्हा चीफ इंजिनिअरपासून केमिस्टपर्यंत सगळ्यांचं डोकं रोजच्या गाळपात असतं. मार्चमध्ये धुराडं थंड झाल्यावर विचार करू म्हणणाऱ्याचं प्रोजेक्ट तिथंच मागं पडतं. ते कळतं मात्र सप्टेंबरात.

राखीव दिवसांबद्दल एक गोष्ट. ते प्रत्येक कामाला दोन-दोन दिवस असे वाटू नका. वाटलेले दिवस कामाच्या पोटात जिरतात, कारण दहा दिवसांच्या कामाला बारा दिले की ते बारा घेतं. २० दिवसांचा एकच गठ्ठा ट्रायलच्या आधी ठेवा आणि त्यातला प्रत्येक दिवस कुणी, कशासाठी वापरला ते फलकावर लिहा. निम्मे दिवस ऑगस्टच्या आतच खर्च झाले तर ते लगेच वर सांगायचं, गणपतीची वाट पाहायची नाही.

दुसरी सवय आपल्या हातात काय आहे ते ओळखण्याची. शिबिरात ती मनःशांतीसाठी सांगतात. इथं तिचा उपयोग वेळापत्रकासाठी आहे. वहीत मागच्या बाजूनं तीन रकाने करा: माझ्या हातात नाही, झालंच तर काय बिघडेल, मी आजच काय करू शकतो. पाऊस आणि कृष्णेचं पाणी पहिल्या रकान्यात जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. तुमच्या मिलचा रोलर कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा शॉपमध्ये असेल तर तो तिकडं आणि तुम्ही इकडं. म्हणून तिसऱ्या रकान्यात लिहा: कोल्हापूर बाजूचा सगळा जड माल १५ जुलैच्या आत आणायचा, आणि तसं ऑर्डरमध्येच घालायचं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. तुमचं स्टोअर सखल भागात असेल तर त्याआधीचा एखादा आकडा, समजा ३५ फूट, ठरवून ठेवा. तो आला की मोटर आणि केबल ड्रम वर हलवायचे, कुणाला विचारत बसायचं नाही. हे जूनमध्ये ठरलेलं असेल तर रात्री अकरा वाजता फोनाफोनी होत नाही.

याच रकान्यात पंचांगही घाला. आषाढात माउलींची पालखी लोणंद, फलटणमार्गे जाते, त्या दिवसांत तिकडच्या रस्त्यानं ट्रेलर आणायचं मनातही आणू नका. बेंदराला गावाकडचे खलाशी (मदतनीस कामगार) कामावर मिळत नाहीत. परप्रांतीय वेल्डर दिवाळी-छटला गावी जातात आणि तुमचं गाळप नेमकं त्याच सुमाराला असतं. यातलं काहीच अचानक येत नाही, तरी दरवर्षी उशिराच्या कारणांत ते 'अचानक' म्हणून लिहिलं जातं.

संचालक मंडळाची बैठकही तुमच्या हातात नाही, पण टिपण तुमच्या हातात आहे. बैठकीच्या दहा दिवस आधी एका पानाचं टिपण पोचवा. त्यात तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि 'आज ठरलं नाही तर गाळपाची तारीख किती दिवस पुढं जाते' हा आकडा हवा. बैठकीत तोंडी मांडलेला विषय बहुधा पुढच्या बैठकीवर जातो.

आता फोन. तीन दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा आणि प्रत्येक अर्ध्या तासापुढं एकच अक्षर लिहा: 'नि' निर्णयासाठी, 'पा' पाठपुराव्यासाठी, 'भां' भांडण सोडवण्यासाठी, 'ब' नुसतं बघण्यासाठी. 'पा' आणि 'भां' मिळून निम्म्याहून जास्त निघाले तर दोष तुमच्या वेळेच्या शिस्तीत नाही. लोकांना तुमच्याशिवाय ठरवायची परवानगीच नाही, असा त्याचा अर्थ. उपाय म्हणजे मर्यादा लिहून देणं. जागच्या जागी २० हजारांपर्यंतची खरेदी सेक्शन इंजिनिअरनं करावी. एका दिवसापर्यंतचा क्रम फोरमननं बदलावा. ड्रॉइंगमधला बदल मात्र कितीही लहान असो, तुमच्याकडेच यावा. आकडे तुमच्या कारखान्याच्या नियमांप्रमाणे ठरवा, पण लेखी ठरवा.

तातडीचं कशाला म्हणायचं तेही ठरवा: कुणाला इजा, आग, क्रेन अडकली, किंवा चारपेक्षा जास्त माणसं रिकामी बसली. यासाठी कधीही फोन. बाकी सगळं दुपारी चारच्या फेरीला. सकाळी ७:४५ ते ८:४५ साइटची फेरी, १० ते ११:३० दार लावून वहीतले निर्णय. हा दीड तास पहिला आठवडाभर कुणी पाळू देणार नाही, तुम्हीच त्यात चार फोन घ्याल. तरी रेटा.

पुढच्या कामाची तयारी दर सोमवारी सहा आठवड्यांची नजर टाकून करा. प्रत्येक कामापुढं सात खुणा: ड्रॉइंग, माल, माणसं, यंत्र-क्रेन, परमिट, आधीचं काम, मोकळी जागा. सातही खुणा झाल्याशिवाय ते काम 'या आठवड्यात करतो' असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. शनिवारी मोजा: शब्द दिलेली कामं २०, झाली १३, म्हणजे ६५ टक्के. राहिलेल्या सातांपुढं प्रत्येकी एक कारण, तेही 'ठेकेदार ढिला' असं नव्हे, सात खुणांपैकी कोणती खोटी निघाली ते. तीन-चार आठवड्यांत एकच खूण पुनःपुन्हा दिसायला लागते. ती क्रेन असेल तर दोन ठेकेदार एकाच हायड्रावर (फिरत्या क्रेनवर) डोळा ठेवून आहेत, तिचं तासाप्रमाणे वेळापत्रक भिंतीवर लावा. ६५ वरून चिडू नका. चिडलात की पुढच्या आठवड्यात लोक कमी कामांचा शब्द देतील आणि ९५ टक्के करून दाखवतील.

ठेकेदाराशी व्यवहारात दोघांचं भलं बघा, हे भाबडेपणानं सांगत नाही. बिल कसं मोजता त्यावर तो काम कसं करणार हे ठरतं. टनावर पैसे दिलेत तर तो आधी जड बीम उचलतो. शिड्या, रेलिंग, ड्रेनचे पाइप, गार्ड अशी हलकी, कटकटीची कामं शेवटी ठेवतो. ती शेवटपर्यंत राहतात आणि ट्रायल त्यांच्यासाठी अडते. म्हणून दर दहा दिवसांनी संयुक्त मोजमाप, सात दिवसांत ७० टक्के रक्कम, १५ टक्के तपासणीनंतर आणि उरलेले १५ टक्के शिल्लक कामांची यादी संपल्यावर. यातले सात दिवस तुम्ही पाळायचे आहेत. अकाउंट्सकडून बिल तीन आठवडे अडलं तर वेल्डर दुसऱ्या कारखान्यात जातो, कारण ऑफसीझन सगळ्यांचा एकाच वेळी असतो. चांगला वेल्डर गेला की तुमचं दंडाचं कलम कागदावरच राहतं.

आधी समजून घ्या, मग समजावा. या सवयीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडं 'हो' या शब्दाला चार अर्थ आहेत. 'व्हतंय की सायेब' म्हणजे ऐकलं. 'बघतो' म्हणजे नाही. 'करून टाकू' म्हणजे कधी ते विचारू नका. खरा होकार एकच, ज्याच्यासोबत अट येते: 'शुक्रवारी दुपारपतोर करतो, पण कॉम्प्रेसर मला उद्या पायजे.' अट न घालता आलेला होकार मोजू नका. उलट विचारा, 'मिस्त्री, यात तुमचं काय अडंल?' आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. दहा-पंधरा सेकंद गप्प बसणं अवघड जातं.

मिल हाउसमध्ये तीस वर्षं काढलेल्या फिटरला जुन्या फाउंडेशनची जी माहिती असते ती ड्रॉइंगमध्ये नसते. कुठल्या वर्षी बोल्ट तुटला, तिथं रेल्वेचा रूळ घालून काँक्रीट ओतलंय, बेडप्लेटखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) किती आहेत. फोडायला सुरुवात करण्याआधी त्यांना सोबत घेऊन खडूनं जमिनीवर खुणा करून घ्या. एक दुपार जाते, पण ब्रेकरचे चार दिवस वाचू शकतात. अशा माणसाला सगळ्यांसमोर 'का झालं नाही?' विचारलंत तर पुढच्या वेळी तो माहिती देणार नाही, फक्त हुकूम पाळेल. आणि चीफसाहेब तुमच्यापेक्षा वयानं मोठे असतील तर मतभेद बैठकीत काढू नका. आदल्या संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये आकडे घेऊन जा.

विभागांचा मेळ घालणं म्हणजे सगळ्यांना एका ग्रुपवर घेणं नव्हे. दोन विभागांच्या हद्दीवरची प्रत्येक गोष्ट एका यादीत घ्या आणि प्रत्येकीला एकच मालक द्या. तुमच्या कामातल्या तीन हद्दी आधीच सांगून ठेवतो.

पहिली, बोल्ट. मोटरचं ड्रॉइंग एका कंपनीचं, गिअरबॉक्सचं दुसरीचं, बेसफ्रेम तिसऱ्या फॅब्रिकेटरची. तिघांचे मध्यबिंदू जुळले नाहीत हे काँक्रीट ओतल्यावर कळतं. तिन्ही ड्रॉइंगवरून एकच टेम्प्लेट बनवा, त्यावर तिघांच्या सह्या घ्या. फाउंडेशनमध्ये बोल्टसाठी पॉकेट (मोकळे खड्डे) ठेवा आणि बोल्ट नंतर नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटनं भरा, म्हणजे थोडा फरक सांभाळता येतो. पुरवठादाराचं मंजूर ड्रॉइंग सळईच्या तारखेच्या किती आधी येणार, हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या. ड्रॉइंग उशिरा म्हणजे सळई उशिरा.

दुसरी, केबल. व्हीएफडीपासून मोटरला जाणारी पॉवर केबल आणि इन्स्ट्रुमेंटच्या सिग्नल केबल एकाच ट्रेमध्ये टाकल्या की रीडिंग नाचायला लागतात. नंतर ते शोधण्यात दिवस जातात. ट्रे वेगळे करायचे हे स्ट्रक्चर बनवतानाच ठरलं पाहिजे, त्यामुळे याचा मालक इलेक्ट्रिकलचा असला तरी सही मेकॅनिकलची हवी.

तिसरी, पॅनेलची खोली. पॅनेल ऑगस्टमध्ये येतं, खोलीचा एसी ऑक्टोबरात, मधे दोन महिने दमट हवा आणि बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ. खोली आधी बंदिस्त करा, पॅनेल आल्या दिवसापासून आतले स्पेस हीटर (ओल धरू न देणारे) तात्पुरत्या वायरिंगवर चालू ठेवा. याची जबाबदारी सिव्हिल आणि इलेक्ट्रिकल दोघंही एकमेकांवर ढकलतात.

स्वतःला ताजं ठेवण्याबद्दल फार सांगत नाही, कारण पाचला तुम्ही उठताच. फक्त सप्टेंबरअखेर माणसं सोळा तास राबवायला सुरुवात होते, तेव्हा रात्री दहानंतर अलाइनमेंट आणि उचलण्याची जड कामं बंद ठेवा. डोळे तारवटलेल्या माणसानं घेतलेलं डायल गेजचं रीडिंग सकाळी पुन्हा घ्यावंच लागतं, मग रात्रीचं कशाला? वेल्डिंग संपल्यावर बगॅसच्या आसपास किमान अर्धा तास एक माणूस पहाऱ्याला ठेवा. थकलेला गट सगळ्यात आधी हाच माणूस कमी करतो.

नो-लोड रनच्या दिवशी तुमच्या वहीचं काम जवळपास संपलेलं असतं. मिल आठ तास चालवा, दर अर्ध्या तासाला बेअरिंगचं आणि तेलाचं तापमान, कंपन, मोटरचे अँपिअर एका तक्त्यात भरून घ्या. तापमान चढून स्थिर व्हायला हवं. चढतच राहिलं तर थांबवायचं. थांबवण्याचा अधिकार कुणाचा, हे आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून ठेवा: पॅनेलजवळ उभ्या असलेल्या ऑपरेटरचा आणि मिलजवळच्या मिस्त्रींचा. त्यासाठी तुम्हाला फोन करायची गरज नाही. संचालक बघायला आलेले असले तरीही.